दोन इंचांची गादी

तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्री सुटते. स्लीपरचा मधला बर्थ मिळाला होता. खालचा म्हाताऱ्यांना, वरचा पोरांना आणि मधला माझ्यासारख्या धड इकडच्या ना तिकडच्या वयाच्या माणसाला. पनवेल गेल्यावर डब्यातले दिवे विझले. झोप येत नव्हती म्हणून हात बर्थच्या कडेवरून फिरवत पडलो होतो, तर बोट एका उसवलेल्या शिवणीत गेलं. निळं रेक्झीन तिथे चारेक बोटं उसवलेलं होतं आणि आतला फोम हाताला लागत होता. जुना, पिवळट पडलेला, दाबला की उशिरा वर येणारा.

या फोमच्या मागे एक माणूस आहे. माझ्या डब्यात त्या रात्री बहात्तर माणसं झोपली असतील, त्यांतल्या किती जणांना ते नाव सांगता आलं असतं कोण जाणे. मलाही ते फार उशिरा कळलं. आणि नाव मात्र मला लहानपणापासून ठाऊक होतं, कारण ते आमचे खासदार होते. प्रोफेसर मधु दंडवते.

मे १९७७ मध्ये मी आठ वर्षांचा होतो. वडील गिरणीत होते, परळला राहायचे. आई, आजी आणि आम्ही भावंडं कुडाळजवळच्या गावात. त्या सुट्टीत नागपूरला कुणाच्या तरी लग्नाला जायचं ठरलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसलो. कोकणातल्या पोराला आगगाडी म्हणजे तेव्हा सर्कशीतल्या हत्तीसारखी, पाहायची आणि गावी जाऊन सांगायची गोष्ट. दुसऱ्या वर्गाचा बर्थ म्हणजे नुसती लाकडी फळी. वडिलांनी वळकटी सोडली, खाली गोधडी, वर चादर. ज्यांच्याकडे वळकटी नव्हती ते तसेच फळीवर आडवे. सकाळी उठलो तर माझ्या गालावर गोधडीच्या टाक्यांचे वळ आणि समोरच्या एका माणसाच्या दंडावर दोन फळ्यांमधल्या फटीची सरळ रेघ उमटलेली. मी ती रेघ बघत बसलो होतो, म्हणून आठवते.

त्याच सुमारास दिल्लीत आमचे खासदार रेल्वेमंत्री होऊन दोनेक महिने झाले होते. हे आत्ता हिशेब केला म्हणून कळतं.

दंडवते मूळचे कोकणातले नव्हेत. जन्म अहमदनगरचा, २१ जानेवारी १९२४ चा. मुंबईत भौतिकशास्त्र शिकले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयात १९७१ पर्यंत तेच शिकवत राहिले. बेचाळीसच्या चळवळीत होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. त्या पिढीच्या समाजवाद्यांचा हा ठरलेला रस्ता, त्यावर मी फार थांबत नाही. कोकणाशी त्यांची गाठ पडली ती नाथ पै गेल्यावर. राजापूर मतदारसंघ म्हणजे बॅरिस्टर नाथ पैंचा. जानेवारी १९७१ मध्ये ते अकाली गेले आणि काही आठवड्यांतच आलेल्या निवडणुकीत त्यांच्या जागी पक्षाने या प्राध्यापकाला उभं केलं. नाथ पै बोलायला लागले की माणसं जेवायची विसरत असं आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. अशा माणसाच्या जागी उभं राहणं म्हणजे भीमसेन जोशींनंतर बैठकीला बसण्यासारखं. दंडवते बसले, आणि राजापूरने त्यांना लागोपाठ पाच वेळा निवडून दिलं: १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९. त्यातलं १९८४ विशेष. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या लाटेत काँग्रेसने चारशेच्या वर जागा घेतल्या आणि जनता पक्षाचे देशभरात मिळून दहा खासदार आले. त्या दहांत राजापूर होतं.

मी त्यांना धड पाहिलेलं नाही. ऐकलं आहे, तेही कर्ण्यातून. बाजारात सभा, पेट्रोमॅक्सचा उजेड, आणि मागे उंच माणसांच्या पाठींत अडकलेला मी. काय बोलले यातलं काही आठवत नाही. एवढंच आठवतं की ते ओरडत नव्हते. आमच्या शाळेतले मास्तर त्रैराशिक सांगायचे तशा चालीत सगळं चाललं होतं. मागे उभा असलेला एक जण म्हणाला, ‘‘मास्तर माणूस असा,’’ आणि ते कौतुक होतं की तक्रार हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं की दोन्ही.

रेल्वेमंत्रालय त्यांच्याकडे आलं ते तुरुंगातून. २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली तेव्हा संसदेच्या एका समितीच्या बैठकीसाठी ते बंगळूरला होते. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर त्यांना तिथेच पकडलं आणि तिथल्याच तुरुंगात ठेवलं. प्रमिलाताई येरवड्यात. नवरा एका राज्याच्या तुरुंगात, बायको दुसऱ्या, आणि मध्ये टपाल, तेही तपासून पुढे जाणारं. त्या काळात दोघांनी एकमेकांना दोनशेच्या आसपास पत्रं लिहिली. त्यांत राजकारण होतंच, पण पुस्तकं होती, गाणं होतं, कविता होत्या. मला नेहमी वाटतं, आपल्या नेत्यांच्या बायकांविषयी आपण ‘खंबीरपणे पाठीशी उभ्या राहिल्या’ असं एक वाक्य लिहून मोकळे होतो. प्रमिला दंडवते कुणाच्या पाठीशी नव्हत्या, शेजारी होत्या. १९८० मध्ये त्या स्वतः मुंबईतून लोकसभेवर गेल्या, हुंडाविरोधी कायदा कडक व्हावा म्हणून विधेयक मांडलं, आणि महिला दक्षता समितीचं काम त्यांनी उभं केलं ते वेगळंच. पण तो लेख स्वतंत्र लिहायला हवा.

तर मार्च १९७७. जनता पक्ष निवडून आला, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले आणि दंडवत्यांकडे रेल्वे आली. आल्या आल्या समोर पहिला प्रश्न होता तो मे १९७४ च्या संपाचा. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांनी वीस दिवस देश थांबवला होता आणि तो संप मोडताना हजारो लोक नोकरीतून काढले गेले होते. नव्या सरकारने त्यांना परत कामावर घेतलं. हे वाचताना एका वाक्यात संपतं. ज्या घरात तीन वर्षं पगार नव्हता त्या घरात ते एका वाक्यात संपलं नसणार. माझे वडील १९८२ च्या गिरणी संपानंतर घरी बसले, ते कायमचे. त्यांना परत बोलावणारा कुणी मंत्री आला नाही, म्हणून मला ते वाक्य सहज ओलांडून जाता येत नाही.

मग आली ती गादी. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम बसवायचा निर्णय. पहिला वर्ग खाली खेचायचा नाही, दुसरा वर्ग वर उचलायचा, अशी त्यामागची भूमिका होती. सांगायला किती साधी! पण विचार करा, त्याआधी तीस वर्षं स्वतंत्र देश रात्रभर फळीवर झोपून प्रवास करत होता, आणि हे कुणाला खटकलं नव्हतं. किंवा खटकलं असेल, पण ज्यांच्या हातात सही होती ते त्या फळीवर झोपत नव्हते. आमच्याकडचे समाजवादी वर्गविहीन समाजावर दोन-दोन तास बोलायचे. मी लहानपणी त्यातली पुष्कळ भाषणं जांभया देत ऐकली आहेत. पण वर्गविहीन समाजाचं माप इंचात काढून ते रेल्वेच्या कारखान्याकडे पाठवणारा मला हा एकच माहीत आहे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. लांब पल्ल्याची, आणि त्यात पहिला वर्गच नाही. सगळे एकाच वर्गाचे प्रवासी. नाव रवींद्रनाथांच्या काव्यावरून. आरक्षण संगणकावर आणायच्या कामाची सुरुवातही त्यांच्याच काळातली.

माझी एक खासगी समजूत आहे, तिला आधार काही नाही. हा माणूस भौतिकशास्त्राचा होता म्हणून त्याला दोन इंच सुचले. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आम्हाला आठवीत शिकवलं. लाकडावर आडवं पडलं की सगळं वजन खांदा, कंबरेचं हाड आणि घोटा यांवर येतं. फोम आला की तेच वजन अंगभर वाटलं जातं. वजन तेवढंच, माणूस तोच, अंतरही तेवढंच. फक्त भार वाटला गेला. वर्गात फळ्यावर हे सूत्र वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या माणसाला मंत्रालयाच्या खुर्चीत बसल्यावर ते आठवलं असेल, असं मला वाटत राहतं. दुसऱ्या कुणी दहा इंचांची घोषणा करून एकही इंच बसवला नसता.

गाडीने रोहा सोडलं तेव्हा पहाट व्हायला वेळ होता. रोहा म्हटलं की आमच्या पिढीच्या माणसाला अजून हुरहूर लागते, कारण आमच्यासाठी जगाची आगगाडी तिथे येऊन अडली होती. आधी पनवेल, मग आपटा, मग रोहा. आपटा-रोहा मार्गाला चालना मिळाली ती दंडवत्यांच्या मंत्रीपदाच्या काळात. पण रोह्याच्या पुढे कोकण तसंच. आम्ही येष्टीने जायचो. परळ डेपोतून संध्याकाळी बसायचं, कशेडी घाटात पोटात ढवळायला लागायचं, परशुराम घाट येईपर्यंत निम्म्या गाडीने पिशव्या तोंडाला लावलेल्या असायच्या. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली की कुडाळ. आजी म्हणायची, ‘‘रेल येतली, रेल येतली म्हणान तुजो आजो गेलो. आता मी जातलंय.’’ ती १९८६ मध्ये गेली.

कोकण रेल्वेचं स्वप्न एकट्या दंडवत्यांचं नव्हे, हे सांगायलाच हवं. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी उभं आयुष्य झिजवलं, नाथ पैंनी लोकसभा दणाणून सोडली. पण स्वप्न आणि रूळ यांच्या मध्ये पैसा असतो. डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग यांचं सरकार आलं आणि एक योग जुळून आला: रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, मूळचे मंगळूरचे, आणि अर्थमंत्री मधु दंडवते, राजापूरचे खासदार. रुळाच्या दोन टोकांची माणसं एकाच मंत्रिमंडळात. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून हे काम आणखी पन्नास वर्षं झालं नसतं, म्हणून वेगळं महामंडळ काढलं. ५१ टक्के वाटा रेल्वेचा, बाकी महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा ६, केरळ ६. उरलेला पैसा करमुक्त रोख्यांतून, लोकांकडून. जुलै १९९० मध्ये महामंडळाची नोंदणी झाली, ई. श्रीधरन प्रमुख म्हणून आले, सप्टेंबरात रोह्याला कोनशिला बसली, आणि नोव्हेंबरात सरकार पडलं. अकरा महिन्यांचं सरकार! त्याच अकरा महिन्यांत त्यांनी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला. आमच्या बाजारपेठेतल्या सोनारांनी त्या दिवशी पेढे वाटले होते.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. १९९१ मध्ये लोकसभेची निवडणूक आली. मी बावीस वर्षांचा, पदवी झालेली, नोकरी नाही. संध्याकाळी तिठ्यावर आम्ही पोरं बसायचो. शेतांतून मोजणीचे दगड लागले होते, कुणाची कलमं जात होती, कुणाच्या घराच्या पडवीतून आखणी गेली होती, पण रूळ कुठे दिसत नव्हता. ‘‘वीस वर्षां झाली, मास्तर दिल्लीत भाषणां करता. रेल्वे खंय हा?’’ असं कुणीतरी म्हटलं की आम्ही हसायचो. मीही हसायचो. वारं दुसरीकडून वाहत होतं, झेंडे दुसरे होते, घोषणा मोठ्याने द्यायच्या होत्या, आणि हा माणूस घोषणाच देत नव्हता. मतदानाच्या दिवशी मी शाळेत गेलो आणि शिक्का दंडवत्यांच्या चक्रावर न मारता दुसऱ्या चिन्हावर मारला.

घरी आलो तर आई चुलीपुढे बसली होती. तिच्या बोटाला शाई, सकाळीच जाऊन आली होती. तिने न वळता विचारलं, ‘‘चक्रार मारलंस मां?’’

‘‘होय,’’ मी म्हटलं.

दंडवते पडले. कोनशिला बसून वर्षही झालं नव्हतं. मला त्या दिवशी काही वाटलं नाही. उलट तिठ्यावर चहा झाला.

ते पुन्हा लोकसभेत गेले नाहीत. १९९६ मध्ये नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदी आले, ते १९९८ पर्यंत. पराभवाबद्दल कोकणाला त्यांनी बोल लावल्याचं माझ्या कानावर कधी आलं नाही. आमच्याकडे पडलेला सरपंचदेखील पाच वर्षं नळाच्या पाण्यावरून सूड उगवतो, म्हणून हे नोंदवतो.

त्यांच्या राजकारणात मला खोट दिसत नाही असं नाही. माणसं घडवली, पण तालुक्यात पक्ष उरला नाही. समाजवाद्यांची ही जुनी व्याधी: विचार घट्ट, संघटना पातळ, आणि दर काही वर्षांनी पक्षाचं नाव नवं. दंडवते हरले आणि आमच्या भागातलं त्यांचं सगळं घर उन्हात वितळावं तसं वितळलं. कार्यकर्ते म्हातारे झाले, मुलं दुसऱ्या झेंड्यांखाली गेली. चांगल्या माणसाच्या जोरावर पाच निवडणुका निघतात, सहावी निघत नाही. त्याला जबाबदार मतदार की पक्ष, यावर आमच्याकडे अजून भांडण होतं. मी त्यात पडत नाही, कारण उघड आहे.

२६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग पुरा झाला. रोहा ते मंगळूर, सातशेचाळीसच्या घरात किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे. त्या वर्षीच्या मे महिन्यात मी आईला पहिल्यांदा गाडीने मुंबईला नेलं. तोवर मला डोंबिवलीत नोकरी, खोली, सगळं झालं होतं. ती खिडकीपाशी बसली. पदर डोक्यावरून घट्ट, हातात देवाचा अंगारा. रत्नागिरीच्या अलीकडे पानवलचा पूल आला, खाली साठ-पासष्ट मीटर दरी, तिने डोळे मिटून घेतले. पुढे करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर, संपतच नाही. बाहेर उजेडात आल्यावर ती म्हणाली, ‘‘आवशीन बघूक व्हयी होता.’’ आवस म्हणजे माझी आजी.

मग बर्थ खाली केला आणि ती आडवी झाली. झोपण्याआधी तिने हाताने रेक्झीन दाबून बघितलं, जशी ती बाजारात फणस दाबून बघायची.

‘‘ही गादी बरी केली हा. कोणी केली?’’

तेव्हा मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘‘रेल्वेवाल्यांनी.’’

१२ नोव्हेंबर २००५ ला दंडवते मुंबईत गेले. देह त्यांनी जे. जे. रुग्णालयाला द्यायला सांगितलं होतं. म्हणजे चिता नाही, समाधी नाही. प्राध्यापक शेवटी पुन्हा वर्गात गेला. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये पेपरात त्यांच्यावरचा मजकूर वाचताना त्या फोमविषयीची ओळ मी पहिल्यांदा वाचली. ठाणे गेलं, मुलुंड गेलं, मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. १९७७ मधल्या त्या माणसाच्या दंडावरची रेघ आठवली. मग आईचा हात आठवला.

आई आणखी सहा वर्षं होती. दर मे महिन्यात याच गाडीमार्गाने आली, गेली. गादी कुणी केली ते मी तिला सांगितलं. ‘‘मगे!’’ म्हणाली, जणू तिला ते आधीच ठाऊक होतं आणि आपण चक्रावर शिक्का मारला तो योग्य माणसालाच. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘आपण दोघांनीव मत दिला होता तेका.’’ मी खिडकीबाहेर बघत राहिलो. एकदा कणकवली ते कुडाळ या वीस-पंचवीस मिनिटांत सांगून टाकायचं असं ठरवून बसलो होतो. सिंधुदुर्ग स्टेशनात गाडी थांबली, चहावाला आला, तिने माझ्यासाठी चहा घेतला. राहून गेलं.

सावंतवाडीच्या टर्मिनसला त्यांचं नाव द्यावं अशी मागणी अधूनमधून होते. द्यावं की. पण गणपतीत जनरलच्या डब्याकडे पाहिलं की मला पाटीपेक्षा वेगळंच काही आठवतं. दारात लोंबकळणारी माणसं, संडासाच्या बोळात पेपर अंथरून बसलेल्या बायका, मांडीवर गणपतीचं मखर. शेजारून वंदे भारत जाते. तीही हवीच, तीत मीही बसलो आहे, बरी आहे. पण स्लीपरचे डबे कमी होत चालले आहेत आणि वातानुकूलित वाढत आहेत, हे कोकणात जाणाऱ्या कुणालाही दिसतं. खालचा वर्ग वर उचलायची गोष्ट होती. आता खालच्या वर्गाला डब्यातच जागा नाही.

त्या रात्रीची तुतारी राजापूर रोडला आली तेव्हा चांगलंच उजाडलं होतं. ज्या मतदारसंघाचं ते नाव होतं तो मतदारसंघही आता नकाशावर नाही. २००८ च्या फेररचनेत गेला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. समोरच्या बर्थवरचा कॉलेजातला मुलगा उठून केस सारखे करत होता. मधला बर्थ पाडायला मी त्याला हात दिला. साखळी काढताना त्या उसवलेल्या शिवणीतून फोमचा तुकडा बाहेर आला, तर तो म्हणाला, ‘‘काका, सगळं जुनं झालंय हो हे.’’

‘‘हो,’’ म्हटलं आणि तुकडा बोटाने आत सारला. वैभववाडी यायची होती. कुडाळला अजून तासभर होता.